‘बघू की’ म्हणणाऱ्यांसमोर पोकर

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, मी त्यात पोकर खेळायचे; तेव्हापासून ओळखीतले बरेच जण मला दोन प्रश्न विचारतात. अॅपमधली रक्कम कशी काढलीस आणि करात काय दाखवलंस, हा पहिला. दुसरा जरा दबक्या आवाजात येतो: चांगली पानं असून हरायची वेळ यायची तेव्हा डोकं थाऱ्यावर कसं ठेवायचीस? दोन्ही उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

पोकर माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. प्रत्येकाला दोन झाकलेली पानं मिळतात. मध्ये सगळ्यांची मिळून पाच उघडी पानं येतात: आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. या सातांतून ज्याची पाच पानं भारी, त्याचा पॉट, म्हणजे मध्ये जमलेली सगळी रक्कम. पानं पडण्याआधी, मध्ये आणि शेवटी मिळून लावायच्या चार फेऱ्या होतात. आपण स्पष्ट पुढे असताना सगळं लावावं आणि शेवटच्या पानावर समोरच्याचं नशीब फळफळावं, याला बॅड बीट म्हणतात.

आमच्याकडे याची सुरुवात २०२३ च्या दिवाळीत झाली. सोलापुरात अशोक चौकाच्या मागे आमचं घर आहे, आजूबाजूला अजून माग चालतात. दिवाळीत माग बंद असतात आणि घर माणसांनी भरलेलं असतं. दरवर्षी तीन पत्ती व्हायची. त्या वर्षी पुण्याहून आलेल्या माझ्या पुतण्याने पोकर शिकवलं. पैसे लावायचे नाहीत हे सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून आहे, आणि त्यांना घरात ती भानगड नको होती. मग प्रत्येकाला दीडशे चिंचोके वाटले आणि खेळ सुरू झाला. दिवाळी संपली तरी शनिवारची बैठक टिकली.

या बैठकीतले सगळ्यात महत्त्वाचे खेळाडू म्हणजे माझे चुलत सासरे. आम्ही त्यांना काका म्हणतो. मिलमधून निवृत्त झालेले, स्वभावाने अतिशय गोड. ते पानं टाकतच नाहीत, म्हणजे डाव सोडतच नाहीत. कितीही लावा, ते चिंचोके मोजून पुढे सरकवणार आणि म्हणणार, “बघू की.” माझी जाऊही थोडीफार तशीच. जिथे पैसे नाहीत तिथे असं होणारच, पण पुढे लक्षात आलं की एक-दोन रुपयांच्या टेबलावरही निम्मी माणसं काकांसारखीच खेळतात. त्यामुळे काकांसमोर जे शिकले ते सगळीकडे कामाला आलं.

एक डाव अजून जसाच्या तसा आठवतो. मला इस्पिकचा आणि बदामाचा एक्का आला. दोन एक्के साधारण २२१ डावांत एकदा येतात. मी आठ चिंचोके लावले, चौघांनी तेवढेच लावले, पॉट चाळीसचा झाला. पहिली तीन पानं पडली: चौकट नव्वी, किल्वर चव्वी, बदाम दुर्री. मी पंचवीस लावले. काका आणि जाऊबाई आल्या, म्हणजे तेवढेच लावून डावात राहिल्या. चौथं पान किल्वर गुलाम. मी साठ लावले. जाऊबाईंनी पानं टाकली. काकांनी चष्मा वर केला, साठ चिंचोके पाच-पाचच्या ढिगाऱ्यांत मोजले, “बघू की,” म्हणाले आणि ढकलले. शेवटचं पान इस्पिक चव्वी. मी थांबले, त्यांनीही काही लावलं नाही. पानं उलटली तर त्यांच्याकडे चौकट चव्वी आणि किल्वर सत्ती. तीन चव्व्या. २३५ चिंचोके काकांकडे गेले.

माझे कान गरम झाले होते. चिंचोक्यांसाठी! त्या रात्री पुतण्याने गड्डी घेऊन हिशेब मांडून दाखवला, आणि तिथून माझा या खेळाकडे बघायचा सूर बदलला. साठ लावले तेव्हा माझी दोन, काकांची दोन आणि मधली चार पानं सोडून गड्डीत ४४ पानं होती. काकांना वाचवणारी फक्त पाच: दोन चव्व्या आणि तीन सत्त्या (सत्ती आली तर त्यांच्या दोन जोड्या, माझी एकच). म्हणजे ३९ पानांवर मी जिंकणार, ५ वर काका. हाच डाव ४४ वेळा झाला तर त्या साठाच्या बेटवर मला दर वेळी सरासरी ४६ चिंचोके मिळतात. काका आले हे माझ्या फायद्याचंच होतं. त्यांनी चव्वी-सत्ती पहिल्याच फेरीत टाकली असती तर मला बॅड बीट बसला नसता, पण ते एरवी जे देतात तेही मिळालं नसतं.

दुसरी गोष्ट त्याने सांगितली ती आकड्यांची. दोन एक्के एका माणसासमोर, त्याच्याकडे कुठलीही पानं असोत, साधारण ८५ टक्के वेळा जिंकतात. दोघांसमोर ७३, तिघांसमोर ६४, चौघांसमोर ५६, पाच जणांसमोर ४९. सगळे ‘बघू की’ म्हणत शेवटपर्यंत थांबले तर जगातली सगळ्यात भारी दोन पानं निम्म्या वेळा हरतात. हे आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. चांगली पानं आली की पहिल्या फेरीतच जास्त लावायचं, म्हणजे चार-पाच जणांऐवजी एक-दोघंच उरतात, ही सवय तिथून लागली. दुप्पट लावून अशी मंडळी हलत नाहीत. मी पाचपट-सहापट लावू लागले.

ऑनलाइन खेळायचं २०२४ च्या जानेवारीत ठरवलं, गड्ड्याची यात्रा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची जत्रा, आटोपल्यावर. मी एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्सला आहे, त्यामुळे आधी हिशेब घातला. या छंदासाठी सहा हजार रुपये बाजूला काढायचे. तेवढे गेले की छंद संपला. नवऱ्यालाही हे आधीच सांगितलं. एक-दोन रुपयांच्या टेबलावर दोनशे रुपये घेऊन बसायचं, म्हणजे तीस बैठकींची सोय. तीस जास्त वाटतील, पण अंदाज न लागणाऱ्या लोकांसमोर चढउतार मोठे येतात. चांगलं खेळूनही ओळीने पाच-सहा वेळा दोनशे जाऊ शकतात, आणि एवढा साठा पाठीशी असेल तरच माणूस त्यानंतर नीट खेळतो.

खरा उशीर कागदपत्रांत झाला. माझं पॅन माहेरच्या नावाने आणि बँकेचं खातं सासरच्या नावाने. अॅपची केवायसी तिथेच अडली: पॅन, आधार आणि बँक, तिन्हींवर एकच नाव लागतं. पॅन दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन भरला, १०७ रुपये फी, सोबत विवाह नोंदणीचा दाखला. नवीन कार्ड हातात यायला तीन आठवड्यांच्या आसपास लागले. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी हे काम पोकरसाठी नसलं तरी करून टाकावं, पुढे दहा ठिकाणी अडत नाही.

मग जीएसटी. १ ऑक्टोबर २०२३ पासून अॅपमध्ये भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के लागू झाला होता. भरलेल्या रकमेतच तो धरलेला असल्याने हजार रुपये भरले की २१८ रुपये ७५ पैसे करात जायचे. बरीच अॅप तेवढा बोनस देऊन भरपाई करायची, पण बोनसच्या अटी वेगळ्या असायच्या. मी त्या वाचून मगच पैसे भरले. शिवाय प्रत्येक पॉटमधून अॅपचा वाटा कापला जायचा, त्याला रेक म्हणतात. छोट्या टेबलावर रेक जाणवतो. उगाच भरपूर डाव खेळणाऱ्याचा पैसा तिथेच झिरपत जातो.

पहिले दोन महिने ठीक गेले. मग उन्हाळा आला. सोलापूरचा एप्रिल-मे काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. पारा चाळीसच्या वर, रात्री अकरालाही भिंती तापलेल्या. त्याच दिवसांत खेळातली वाईट ओळ सुरू झाली. एका रात्री माझ्याकडे तीन नव्व्या जमल्या होत्या, पहिल्या तीन पानांवरच सगळे पैसे आत गेले, समोरच्याकडे चार बदाम. अशा वेळी माझी बाजू पाऊण तरी असते. पाचवा बदाम आला, आणि एका रंगाची पाच पानं तीन सारख्यांवर भारी पडतात. थोड्या वेळाने दोन राजांना कोणाच्या तरी एक्का-तिर्रीने मारलं, तेही शेवटच्या पानावर. घशाला कोरड पडते, बोट आपोआप मोठ्या आकड्याकडे जातं, आणि ‘आता याला दाखवतेच’ असं मनात येतं. पोकरवाले याला टिल्ट म्हणतात. शेजारून नवरा म्हणाला, “अगं, ठेव तो फोन आता.” मी ठेवला. दोनदा दोनशे गेले की त्या दिवशी बंद, हा नियम वहीत आधीच होता. नियम आधी लिहिलेला असला की त्या क्षणी स्वतःशी वाद घालावा लागत नाही.

त्या काळात वहीने मला तारलं. रकाने अगदी साधे ठेवले होते: तारीख, माझी पानं, पैसे आत गेले तेव्हा पुढे कोण होतं, साधारण किती टक्के, शेवटी कोण जिंकलं. तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा. तिथे ‘मी’ लिहिता आलं की पुढचा रकाना काहीही असो, मी झोपायला मोकळी. आणखी एक रकाना नंतर वाढवला: मी मागे असून जिंकले ते डाव. हे डाव आपण साफ विसरतो. महिनाभराने पान उलटलं तर तेही बऱ्यापैकी भरलेलं होतं. समोरच्यांच्या दृष्टीने ते त्यांचे बॅड बीट होते, आणि ते देणारी मी होते.

बॅड बीटनंतर लगेच काय करायचं, याची माझी पद्धत अशी बसली. पुढचे काही डाव पानं बघायची आणि टाकायची, एक्के-राजे सोडून. उठून माठातलं पाणी प्यायचं. चॅटमध्ये समोरच्याला एक अक्षर लिहायचं नाही. बॅड बीटमध्ये जेवढे जातात ते गेलेच; खिसा रिकामा होतो तो त्याच्या पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत, आणि ती मिनिटं आपल्या हातात असतात.

आता समोरच्यांबद्दल. सैल खेळणारे सगळे एका माळेचे मणी नसतात. काकांसारखे नुसते येत राहतात, स्वतः वाढवत नाहीत. त्यांच्यासमोर ब्लफ, म्हणजे हलकी पानं असताना मोठं लावून घाबरवणं, कधीच करायचा नाही. ज्याला पानं टाकायचीच नाहीत त्याला घाबरवणार कशाने? पण खरंच पानं असतील तेव्हा भरपूर लावायचं, अर्ध्या पॉटच्या खाली नाहीच. एकाच रंगाची चार पानं घेऊन बसलेल्याला पुढच्या एका पानावर पाचवं मिळायची शक्यता १९-२० टक्के. मी अर्धा पॉट लावला तर त्याला यायला निदान २५ टक्के शक्यता हवी. तो तरीही येतो, म्हणजे दर वेळी थोडं जास्त मोजतो. पाचात एकदा तो रंग येणार आणि आपलं तोंड कडू होणार. उरलेल्या चार वेळा त्याने मोजलेलं आपल्याकडे राहतं. छोट्या जोड्या, दुर्री-दुर्री किंवा पंजी-पंजी, अशा टेबलावर स्वस्तात बघाव्यात. पहिल्या तीन पानांत तिसरं जोडीदार पान साधारण साडेआठात एकदा येतं, आणि आलं की ही माणसं भरभरून देतात.

आणि काकांसारखा माणूस अचानक स्वतःहून वाढवतो तेव्हा? तेव्हा त्याच्याकडे असतंच. एक जोडी घेऊन तिथे हट्टाने बसायचं नाही, मग ती एक्क्यांची असली तरी. या एका गोष्टीने माझे जितके पैसे वाचले तितके दुसऱ्या कशाने वाचले नाहीत.

दुसरा प्रकार म्हणजे प्रत्येक डावात वाढवणारा, मध्येच कारण नसताना सगळे पैसे आत ढकलणारा. याची भीती जास्त वाटते, कारण त्याच्याकडे काय आहे त्याचा थांगच लागत नाही. याच्यासमोर जागा महत्त्वाची. तो आपल्या उजव्या हाताला हवा, म्हणजे त्याची चाल आधी आणि आपली नंतर. अॅपवर तशी खुर्ची रिकामी होईपर्यंत मी थांबायचे. मग नुसती वाट बघायची. तो खरोखर कुठल्याही दोन पानांवर सगळं लावत असेल तर दोन सत्त्याही त्याच्यासमोर साधारण ६६ टक्के आहेत आणि एक्का-राजा ६५ टक्के. म्हणजे एक तृतीयांश वेळा हरायचंच. तेवढी मनाची तयारी नसेल तर त्या टेबलावरून सरळ उठावं, त्यात कमीपणा काही नाही. मी कितीदा तरी उठले आहे.

३१ मार्च २०२५ ला आर्थिक वर्ष संपलं. कलम १९४बीए नुसार निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस कापला जायचा: पैसे काढताना, आणि वर्षअखेर खात्यात जे उरायचं त्यावर. वर्षभराची निव्वळ कमाई ४,३०० रुपये निघाली, त्यातले १,२९० टीडीएसमध्ये गेले. रक्कम लहान आहे, पण कागद तेवढेच लागतात. पगारदार माणूस एरवी आयटीआर-१ भरतो; हे उत्पन्न असेल तर ते चालत नाही, आयटीआर-२ घ्यावा लागतो. आधी २६एएस आणि एआयएस, म्हणजे आपल्या नावावर कापलेला कर आणि उत्पन्न दाखवणारी आयकर खात्याची विवरणं, उतरवून आकडे जुळवले. मग ‘इतर स्रोत’च्या परिशिष्टात कलम ११५बीबीजे खाली ४,३०० भरले, उत्पन्न कोणत्या तिमाहीत मिळालं तेही विचारतात. दर ३० टक्के असला तरी त्यावर ४ टक्के सेस असतो आणि तो टीडीएसमध्ये आलेला नसतो. माझे ५२ रुपयांच्या आसपास निघाले. ते ‘सेल्फ असेसमेंट टॅक्स’, मायनर हेड ३००, या चलनाने भरले. इथला हरलेला पैसा पगारातून किंवा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही, हे लक्षात ठेवा. त्या वर्षी मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर आणि शेवटी १६ सप्टेंबरपर्यंत वाढली, पण मी ऑगस्टच्या सुरुवातीलाच भरून आधार ओटीपीने पडताळणी करून टाकली. पडताळणी केलीच नाही तर भरलेल्या विवरणपत्राला अर्थ राहत नाही, आणि ३० दिवसांनंतर केली तर पडताळणीची तारीखच भरल्याची तारीख धरतात.

बरं झालं, कारण त्याच महिन्यात सगळं थांबलं. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झालं आणि २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. माझ्या अॅपने टेबलं लगेच बंद केली, पैसे काढायची सोय चालू ठेवली. मी २२ लाच अर्ज टाकला. स्थिती नुसती ‘प्रक्रियेत’ दिसायची. दोनदा ईमेल केला, ठरावीक उत्तर आलं. २७ ला गणपती बसले तरी पैसे नव्हते. रक्कम काही हजारांचीच, पण रोज सकाळी खातं उघडून बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला टीडीएस कापून जमा झाली.

त्या दिवसांत मी एक काम आवर्जून केलं: खात्याचं पूर्ण विवरण आणि टीडीएसची प्रमाणपत्रं उतरवून घेतली. अॅप पूर्ण बंद झालं तर हे नंतर कोणाकडे मागणार? जुलै ते सप्टेंबरचा टीडीएस कापणारा ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवतो, त्यामुळे २६एएसमध्ये नोंद नोव्हेंबरमध्ये दिसली तर घाबरू नका. त्या वर्षाच्या विवरणपत्रात ती लागते. आणि परदेशी अॅपच्या लिंका आता फोनवर येतात, त्यांना हात लावू नका. पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नाही. टेबलावर पैसे लावूनच खेळायचं असेल तर गोव्यात परवाना असलेले कॅसिनो आहेत, आणि ९ जून २०२५ ला सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमानही सुरू झालं. मला त्याची ओढ नाही.

शनिवारची बैठक चालूच आहे. चिंचोक्यांच्या जागी नव्या पेठेतून आणलेल्या प्लास्टिकच्या चिप्स आल्या. २०२५ च्या दिवाळीत पुतण्या आला होता. त्याच्या दोन राण्यांना काकांनी गुलाम-छक्कीवर मारलं, शेवटच्या पानावर दुसरा गुलाम काढून. पोरगा उसळला: “आजोबा, असं कोणी खेळतं का?” काकांचा चेहरा उतरला. मी त्याला आत बोलावून सांगितलं की हे वाक्य पुन्हा बोलायचं नाही. एक तर ते आजोबा आहेत, मजेसाठी बसतात. दुसरं, त्यांना टोमणे मारून नीट खेळायला लावलंस तर तुझ्या राण्यांना पैसे कोण देणार? समोरचा काहीही घेऊन जिंकला तरी “छान डाव” म्हणायचं आणि पुढची पानं उचलायची.

“मग काकू, पुढच्या वेळी राण्या आल्या की?”

“तेवढंच लावायचं. जमलं तर थोडं जास्तच.”